पंचविसावं नाव

कलशेट्ट्यांच्या घरात साबण संपला असं कधी झालं नाही. वडी झिजून पापुद्र्याएवढी झाली की ओली करून नव्या वडीच्या पाठीवर चिकटवायची. दोन दिवसांत ती अशी बसायची की सांधा शोधून सापडू नये. टूथपेस्टची ट्यूब शेवटी कात्रीनं उभी चिरली जायची. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून, टोचून, दुकानात टिपणं करायला लागायच्या. संगमेशला यात काही वेगळं वाटत नसे, कारण तो असाच वाढला होता. श्रीदेवी लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच महिन्यात तिनं एक विरलेला टॉवेल फेकायला काढला. सासऱ्यांनी, सिद्धप्पांनी, तो तिच्या हातून घेतला, मधला विरलेला भाग फाडून काढला, कडेच्या दोन पट्ट्या जोडल्या आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात नवं हातपुसणं आणून ठेवलं.  श्रीदेवीनं त्यानंतर काही फेकायचं धाडस केलं नाही.

हे सगळं आलं होतं सिद्धप्पांच्या आईकडून, गुरव्वाकडून. नवरा वारल्यावर आठ वर्षांच्या सिद्धप्पाचा हात धरून ती अक्कलकोटकडच्या खेड्यातून सोलापुरात आली. गिरणीच्या गेटाबाहेर टाकून दिलेल्या सुताचे गुंते ती गोळा करायची, ते सोडवून, वळून परकराच्या नाड्या करायची आणि बाजारात बसून विकायची. त्या नाड्यांवर सिद्धप्पा मोठे झाले. त्यांनी दोन माग घेतले. पुढं संगमेशनं माग विकून भवानी पेठेत टॉवेलचं दुकान टाकलं, घरावर दोन मजले चढवले. आता खालच्या मोठ्या खोलीत सात बायका टॉवेलच्या कडा शिवायला यायच्या. गुरव्वा जाऊन तीस वर्षं झाली होती, पण घर तिच्याच रीतीनं चालायचं.

आणि त्या रीतीची सगळ्यात आवडीनं राखण करत होती ती संगमेशची मुलगी काव्या. ती सहावीत होती आणि दिवसाचा निम्मा वेळ अज्जाच्या, म्हणजे आजोबांच्या, खाटेवर असायची. वर्ष संपलं की दोघं मिळून जुन्या वह्यांतली कोरी पानं सोडवायची आणि जाड दोऱ्यानं शिवून नव्या वह्या करायची. पेन्सिल बोटभर उरली की रिकाम्या पेनाच्या टोपणात खोचून आणखी महिनाभर चालवायची. बुटाचा तळ सुटला तर सिद्धप्पा मेण लावलेल्या दोऱ्यानं तो शिवून द्यायचे, आणि काव्या तो बूट मैत्रिणींना वर करून दाखवायची. शाळा सुटल्यावर वर्गातल्या कचऱ्याच्या डब्यात पोरींनी टाकलेले पेन्सिलीचे तुकडे दिसले की ती वाकून उचलायची. घरी आली की अज्जाच्या तळहातावर ते ओतायची, आणि अज्जा एकेक निरखून म्हणायचे, "हे चालंल. हे पन चालंल."

सिद्धप्पांनी नातीला आणखी एक गोष्ट शिकवली होती. "आपल्याकडं काय हाय ते रस्त्यावर मांडत बसायचं न्हाय. बाप काय करतो म्हनून कुनी इचारलं, तर टॉवेल शिवतो म्हनायचं. खोटं हाय का?"

खोटं नव्हतं. म्हणून अंकिता मॅडमनी वर्गात विचारलं तेव्हा काव्यानं तेच सांगितलं.

अंकिता मॅडम मोहोळहून रोज एसटीनं यायच्या. शाळेत त्यांचं पहिलंच वर्ष होतं. जुलैच्या अखेरीस व्यापाऱ्यांच्या एका मंडळानं शाळेला कळवलं की गरजू मुलींना दप्तर, बूट, गणवेश आणि वह्या देणार आहोत, प्रत्येक वर्गातून नावं पाठवा, शाळेला मिळून पंचवीस. मॅडमनी आपल्या वर्गावर नजर फिरवली. कोपऱ्यात दोऱ्यानं शिवलेले बूट घालून एक मुलगी बसली होती, जिच्या डब्यात बहुतेक आदल्या दिवशीच्या चपातीचा कुस्करा असायचा, जिला त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी कचऱ्याच्या डब्यातून पेन्सिल काढताना पाहिलं होतं.

फॉर्म घरी आला तो मंगळवारी. श्रीदेवी भाकऱ्या करत होती. संगमेशनं तो तिथंच ओट्याला टेकून वाचला. वर मोठ्या अक्षरांत 'गरजू विद्यार्थिनी साहाय्य' असं छापलेलं होतं. खाली मुलीचं नाव मॅडमनी आधीच लिहिलं होतं. उत्पन्नाची जागा कोरी होती आणि पालकाच्या सहीच्या ठिकाणी पेन्सिलीनं बारीक फुली केली होती.

"हे आपल्यासाठी नाही," श्रीदेवी म्हणाली. "चुकून आलं असेल. परत पाठवा."

"आपण मागितलं का?" संगमेश म्हणाला. "त्यांनी आपणहून दिलंय."

"गरजू लिहिलंय वर."

"लिहायचं म्हणून लिहितात गं. शाळांना आकडा भरायचा असतो. नाहीतर दप्तर आपल्याला घ्यायचंच होतं की."

श्रीदेवीनं तव्यावरची भाकरी उलटली. संगमेशनं खिशातलं पेन काढून सही केली.

ती सही का केली, हे त्यानं नंतर स्वतःला किती वेळा विचारलं असेल. दप्तर त्याला परवडत नव्हतं असं नाही. आदल्याच महिन्यात त्यानं दुकानाला नवं शटर बसवलं होतं. पण दाराशी आलेली वस्तू परत पाठवायची म्हटलं की त्याच्या पोटात तुटायचं. पानातला घास टाकताना जसं व्हायचं तसंच. हे तुटणं म्हणजेच आपला चांगुलपणा, असं तो लहानपणापासून धरून चालला होता.

कार्यक्रम शनिवारी सकाळी होता, आणि मुलीबरोबर एका पालकानं स्टेजवर यायचं होतं. श्रीदेवीनं आपल्या माहेरी अक्कलकोटला जायचं काढलं. मुद्दाम काढलं, हे दोघांनाही कळत होतं. सिद्धप्पांना गुडघ्यामुळं पायऱ्या चढवत नव्हत्या. त्यांना एवढंच सांगितलं होतं की शाळेत कार्यक्रम आहे.

संगमेश कपाटासमोर उभा राहिला. इस्त्री केलेले दोन शर्ट वर टांगलेले होते. त्याचा हात त्यांच्याकडं गेला आणि खाली आला. खालच्या कप्प्यात एक राखाडी शर्ट होता, कॉलर उलटवून शिवलेला, तो गोदामात माल लावताना घालायचा. तो त्यानं काढला, झटकला आणि अंगात घातला. आरशात न बघता बटणं लावली. मग काव्याला मोटरसायकलवर घेऊन निघाला, आणि शाळेच्या अलीकडच्या बोळात गाडी लावून पुढं चालत गेला.

"पप्पा, गाडी आत लावू देतात की," काव्या म्हणाली.

"गर्दी असेल," तो म्हणाला.

मैदानात मांडव घातला होता. मुली रांगेत खाली बसल्या होत्या. एकेक नाव पुकारलं जात होतं, एकेक आई नाहीतर बाप मुलीचा हात धरून पायऱ्या चढत होता. संगमेश त्यांच्याकडं बघत होता. एक बाई अनवाणी होती. एक माणूस बांधकामावरून तसाच आला असावा, त्याच्या भुवयांवर सिमेंट होतं. त्यानं स्टेजवर चढण्याआधी टॉवेलनं दोनदा तोंड पुसलं. संगमेशला वाटलं, आता उठून जावं. पण काव्या शेजारी ताठ बसली होती, आणि तेवढ्यात माईकवरून आवाज आला, "पंचविसावं आणि शेवटचं नाव, काव्या संगमेश कलशेट्टी."

स्टेजवर देणगीदार म्हणून जे उभे होते ते बापूसाहेब होते. चाटी गल्लीतलं त्यांचं मोठं दुकान. संगमेशचा निम्मा माल वर्षानुवर्षं तिथंच जायचा. साठी उलटलेला, पांढऱ्या टोपीतला माणूस. त्यांनी बूट, गणवेश, वह्यांनी भरलेलं दप्तर उचललं, काव्याकडं बघून हसले, मग तिच्या मागं उभ्या असलेल्या माणसाकडं बघितलं आणि त्यांचा हात मधेच थांबला.

फोटोवाला म्हणाला, "इकडं बघा."

बापूसाहेबांनी दप्तर काव्याच्या हातात दिलं, फोटो होऊ दिला, आणि मग संगमेशच्या कानाशी वाकले. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"धंदा बसला का रे?" ते हळूच म्हणाले. "मला सांगायचं होतंस की. एवढं झालं आणि मला पत्ता नाही."

खाली सगळी शाळा टाळ्या वाजवत होती. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. संगमेशनं मान खाली घातली आणि हलवली. होकारार्थी हलवली.

बापूसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्या राखाडी शर्टावर, आणि दाबला.

घरी जाताना काव्या मागच्या सीटवर दप्तर छातीशी धरून बसली होती. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ती म्हणाली, "पप्पा, मॅडमनी आधी सृष्टीचं नाव लिहिलं होतं. मग खोडलं."

"कोण सृष्टी?"

"भीमामावशीची. आमच्याच वर्गात आहे ना. मॅडम म्हणाल्या, आपल्या वर्गाला एकच नाव मिळालंय, सृष्टी तर छान नीटनेटकी येते, तिचं पुढच्या वर्षी बघू."

भीमाबाई म्हणजे खाली शिवायला येणाऱ्या सातजणींपैकी एक. नवरा करमाळ्याकडं कुणाच्या तरी शेतावर सालानं राबायचा, सणाला यायचा. तिनं मुलीचं दप्तर टॉवेलच्या जाड कापडाचं घरीच शिवलं होतं. तेही संगमेशनंच नापास म्हणून काढलेल्या मालातलं होतं. पोरीच्या वेण्या तेल लावून घट्ट, कॉलर पांढरीशुभ्र, बूट दोन नंबर मोठे पण रोज पुसलेले. कुणाच्या डोळ्यांत गरिबी दिसू नये म्हणून ती बाई पहाटे उठत असणार. आणि इकडं कलशेट्टी, तीन मजल्यांचे मालक, मुलीच्या बुटाला दोरा घालून तिला शाळेत पाठवत होते.

सिग्नल सुटला. मागून हॉर्न वाजले तेव्हा संगमेशनं गाडी पुढं घेतली.

सिद्धप्पांनी दप्तर हातात घेऊन सगळ्या चेना उघडून बघितल्या. "शाळेनं दिलं?"

"हो, शाळेनंच," संगमेश म्हणाला आणि आत गेला.

"माल बरा हाय," म्हातारे समाधानानं म्हणाले. रविवारची अख्खी दुपार खर्चून त्यांनी दप्तराच्या झडपेवर लाल दोऱ्यानं काव्याचं नाव भरलं. कुणी उचलून नेऊ नये म्हणून घरातल्या छत्रीवर, डब्याच्या पिशवीवर, सगळ्यावर त्यांनी अशी नावं भरलेली होती.

सोमवारी बायका कामाला आल्या. भीमाबाईनं नेहमीसारखी घरी नेलेल्या कामातली उरलेली दोऱ्याची पुडी संगमेशच्या समोर ठेवली. दोऱ्याचे वीतभर तुकडेसुद्धा परत आणायचे, हा दुकानाचा नियम होता. पुडी ठेवून ती म्हणाली, "काव्याला दप्तर गावलं म्हनं. बरं झालं की."

संगमेशनं तिच्या तोंडाकडं बघितलं. टोमणा शोधला. तो तिथं नव्हता. तिला खरंच बरं वाटलं होतं, निदान तसं दाखवण्याइतकी ती बाई मोठी होती. तो पुडीची गाठ सोडत बसला, आणि सोडलेली गाठ पुन्हा बांधत बसला.

दहाच्या सुमारास श्रीदेवीनं चहा खाली पाठवला. किटलीतून पेल्यांत चहा ओतताना त्याचा फिका रंग संगमेशनं पहिल्यांदाच नीट बघितला. घरच्यांचा चहा झाला की तीच पावडर पुन्हा उकळून बायकांचा चहा व्हायचा. गुरव्वाच्या वेळी घरात दुसऱ्या उकळीचा चहा सगळेच प्यायचे. पहिला आपल्याला आणि दुसरा त्यांना, हे कधी ठरलं, कुणी ठरवलं, त्याला आठवेना.

बायका चहा पीत होत्या तेव्हाच दारात बापूसाहेबांची गाडी थांबली.

ते सरळ सिद्धप्पांकडं गेले. म्हातारे नेहमीप्रमाणं दाराजवळच्या खुर्चीवर बसून टॉवेलांच्या घड्या घालत होते. बापूसाहेब वाकून नमस्कार करून स्टुलावर बसले. "सिद्धप्पाअण्णा, तुमचा माझ्यावर इतका परकेपणा असेल असं वाटलं नव्हतं. परिस्थिती इतकी अडली होती तर एक निरोप पाठवायचा. पोरीला गरजूंच्या रांगेत उभं करायची वेळ आली, आणि मी तिथं हार घालून उभा."

सिद्धप्पांना कळेना. "कोनाची परिस्थिती?"

"परवा शाळेत दप्तरं वाटली ना आमच्या मंडळानं. गरजू मुलींना."

खोलीत दोन मशीनं चालू होती. त्यातलं एक थांबलं. मग दुसरं. संगमेश टेबलाशेजारी उभा होता आणि त्याला कुठं बघावं कळत नव्हतं. भीमाबाई पेला हातात धरून खाली बघत होती.

सिद्धप्पांनी हातातला टॉवेल गुडघ्यावर ठेवला. त्यांनी मुलाकडं बघितलं, अगदी थोडा वेळ, आणि मग बापूसाहेबांकडं वळले.

"धंदा बरा हाय, बापूसाहेब. देवाच्या दयेनं काय कमी न्हाय. आमच्याकडनं चूक झालीया."

"पण मी विचारलं की," बापूसाहेब गोंधळून संगमेशला म्हणाले. "स्टेजवर. धंदा बसला का म्हणून. तू मान हलवलीस."

संगमेशनं तोंड उघडलं. "माझं चुकलं," एवढंच बाहेर आलं, तेही इतकं हळू की बापूसाहेबांना पुन्हा विचारावं लागलं, आणि त्याला ते सातजणींच्या देखत पुन्हा म्हणावं लागलं.

बापूसाहेब फार वेळ बसले नाहीत. चहा नको म्हणाले. जाताना रागावले नाहीत की काही सुनावलं नाही. नजर न देता चप्पल घातली, जणू चोरी करताना तेच सापडले होते.

ते गेल्यावर सिद्धप्पा उठले, भिंतीला धरत धरत आत गेले आणि काव्याचं दप्तर घेऊन खाटेवर बसले. काव्या त्या दिवशी जुनंच दप्तर घेऊन गेली होती. नवं श्रावणातल्या पहिल्या सोमवारी अज्जाच्या हातून पूजा करून मग वापरायचं ठरलं होतं. संगमेश आत आला तेव्हा ते सुईच्या टोकानं लाल दोऱ्याचे टाके उसवत होते.

"अप्पा, राहू द्या. मी बघतो."

"काय बगनार?" सिद्धप्पा म्हणाले. ते उसवत राहिले. दोरा निघाला, पण कापडात भोकं राहिली, आणि त्या भोकांतून 'काव्या' हे नाव वाचता येत होतं. त्यांनी त्यावर अंगठा घासला. नखानं दाबलं. मग दप्तर बाजूला ठेवलं.

"आव्वानं एकदा घेतलं होतं," ते आईची आठवण काढत म्हणाले. संगमेश तसाच उभा राहिला. "मी नऊ वर्साचा. थंडीताप आला होता. आंगावर घालायला काय न्हाय. पेठेतल्या एका सावकाराच्या बायकोनं चादर दिली. आव्वानं दोनी हातांनी घेतली, पाया पडली तिच्या. मी बरा झालो. मग आव्वानं ती चादर धुतली, वाळवली, घडी घातली आनि नेऊन परत दिली. मी लई रडलो. मऊ होती चादर. म्हनलं, आव्वा, दिलेली हाय की, परत कशाला? तर म्हनली, तुजा ताप गेला. आता दुसऱ्या कुनाला तरी भरंल."

ते थांबले. बाहेर मशीनं पुन्हा चालू झाली होती.

"हे मी तुला कदी सांगितलं न्हाय," सिद्धप्पा म्हणाले. "साबन चिकटवायचा सांगितलं. पोरीलाबी काय शिकवलं, तर टॉवेल शिवतो म्हन." त्यांनी उसवलेला लाल दोरा बोटाला गुंडाळला. "मॅडमचं काय चुकलं? पोरीनं जे सांगितलं ते माजंच हाय."

संगमेशला वाटत होतं, बापानं शिव्या द्याव्यात. त्यानं लहानपणी एकदा अर्धी भाकरी गटारात टाकली होती तेव्हा सिद्धप्पांनी त्याला पट्टीनं झोडपलं होतं. आता मात्र ते खाली मान घालून बसले होते, आणि म्हाताऱ्या बापाला मान खाली घालायला लावली ही गोष्ट त्या पट्टीहून जास्त लागत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी संगमेश शाळेत गेला. गाडी आत लावली. अंकिता मॅडम शिक्षकांच्या खोलीत होत्या, आणखी चार-पाच जण वह्या तपासत बसले होते. बाहेर बोलावून सांगता आलं असतं. तसं त्याच्या मनात आलंही. पण सोमवारपासून आडोसा या गोष्टीचीच त्याला शिसारी आली होती. त्यानं तिथंच, टेबलाच्या या बाजूला उभं राहून सांगितलं. दुकान आहे. घर आपलं आहे. सात बायका कामाला आहेत. फॉर्म वाचला होता, समजून सही केली.

 मॅडमचे कान लाल झाले होते. पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी ती.

"मी घरी यायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "मी बूट बघितले आणि ठरवून टाकलं."

"तुमचं काही नाही, मॅडम."

"सृष्टीला मी सांगितलं, तू नीटनेटकी असतेस." त्यांनी समोरची वही बंद केली. "शाबासकी दिल्यासारखं सांगितलं मी तिला."

मंडळाकडून मिळालेले बूट, गणवेश आणि वह्या संगमेशनं परत केल्या; भोकं पडलेलं दप्तर तेवढं देण्याजोगं राहिलं नव्हतं. सृष्टीसाठी त्यानं नवं दप्तर, बूट, गणवेश, वह्या, सगळं बाजारातून विकत आणलं होतं. पिशवी त्यानं टेबलावर ठेवली. त्याचं नाव कुठं येऊ नये आणि शाळेकडूनच ते जावं, अशी विनंती केली. मॅडमनी पिशवी ठेवून घेतली, पण म्हणाल्या, "भीमाबाईंना कळणारच. त्यांच्यापासून लपवून मी देणार नाही."

दोन दिवसांनी भीमाबाई काम संपल्यावर मागं थांबली. बाकीच्या बायका गेल्या होत्या. तिच्या हातात तीच पिशवी होती. त्यातून तिनं बुटांचं खोकं काढून काखेत धरलं आणि पिशवी टेबलावर ठेवली.

"बूट घेतलं मी," ती म्हणाली. "तिच्या पायाला फोड येतात जुन्यानं. गणवेश हाय तिच्याकडं. दप्तर हाय."

"भीमाबाई, सगळंच ठेवा. ते तुमचंच होतं. माझ्यामुळं..." त्याला पुढचे शब्द जुळवता येईनात. "मला माफ करा."

भीमाबाई शिलाईच्या मशीनवर हात ठेवून उभी राहिली. "मालक, खरं सांगू का? यादीतनं तिचं नाव काडलं तवा मला बरं वाटलं. माज्या पोरीला सगळ्यांदेखत गरीब म्हनून वर न्हेलं असतं, तर मी गेलेच नसते. घरी बसले असते." काखेतलं खोकं सावरत ती म्हणाली, "पर बूट पायजे होतं. त्येबी खरं हाय."

"तुम्ही कधी बोलला नाहीत. पोरीला बूट लागतात म्हणून."

"तुमच्या पोरीचं बूट दोऱ्यानं शिवल्यालं दिसायचं की मला रोज," ती म्हणाली. "आता तुमास्नी काय बोलू?"

ती गेली. संगमेश तिथंच बसून राहिला. गेली आठ वर्षं ती बाई त्याच्याकडं काम करत होती. त्या फाटक्या बुटांकडं बघून तिनं स्वतःच्या पोरीच्या पायाचे फोड गप्प ठेवले होते, आणि तो मात्र तिच्या पुडीतले दोऱ्याचे तुकडे बघत बसला होता.

घरात कुणी काव्याला समोर बसवून काही सांगितलं नव्हतं, पण पोर आंधळी नव्हती. बाजारात गोष्ट फिरली, वर्गातही आली. एका मुलीनं तिला सगळ्यांसमोर विचारलं की तुम्ही खोटे गरीब आहात का. त्या आठवड्यात काव्यानं अज्जासाठी पेन्सिलीचा एकही तुकडा आणला नाही. शिवलेले बूट तिनं कपाटामागं ढकलले आणि रबरी चपला घालून शाळेत जाऊ लागली. सिद्धप्पांनी ते बघितलं. वह्या शिवायला घेतलेली पानं त्यांनी आपणहून गुंडाळून माळ्यावर ठेवून दिली.

संगमेश स्वतः तिला घेऊन बूट आणायला गेला. तिनं पहिलाच दाखवलेला जोड घेतला, किंमत विचारली नाही, आनंदानं बघितलंही नाही.

पुढच्या सोमवारी सकाळी तो तिला शाळेत सोडायला निघाला.  पार्क चौकात ती मागून म्हणाली, "पप्पा, आता कुणी विचारलं तर काय सांगायचं?"

"काय विचारलं तर?"

"पप्पा काय करतात."

"टॉवेलचं दुकान आहे म्हणायचं. आपलं स्वतःचं. सातजणी कामाला आहेत म्हणायचं."

ती विचार करत राहिली. "सृष्टी शेजारी बसलेली असली तरी?"

संगमेशनं गाडीचा वेग कमी केला. "असली तरी," तो म्हणाला.

"तिची आई त्या सातजणींतली आहे, हेपण?"

 शाळा आली. फाटकाशी सृष्टी उभी होती, टॉवेलच्या कापडाचं दप्तर पाठीला लावून. काव्या गाडीवरून उतरली, बापाकडं न बघता पुढं गेली आणि सृष्टीपासून दोन हात अंतरावर थांबली. दोघी क्षणभर एकमेकींच्या पायांकडं बघत राहिल्या. काय बोलल्या ते संगमेशला ऐकू आलं नाही. मग दोघी आत गेल्या, शेजारी शेजारी, पण हात न धरता.

व्हरांड्यात अंकिता मॅडम उभ्या होत्या. त्यांनी त्याला ओळखून मान लववली. संगमेशनंही लववली, आणि ती वर उचलायला त्याला जरा वेळच लागला.